बटू दीर्घिकांची जोडी कशी तपासावी

मोठा आणि छोटा मॅगेलनिक मेघ ही आपल्या आकाशगंगेजवळची बटू, म्हणजे लहान, दीर्घिकांची जोडी. पण मुंबईच्या अक्षांशावरून मोठ्या मेघाचे केंद्र क्षितिजापासून जेमतेम एक-दीड अंश वर येते आणि छोटा मेघ तर कधी उगवतच नाही. त्यामुळे बटू दीर्घिकांची गुरुत्वाने होणारी आपसांतली खेचाखेच आपल्याला संगणकावरच अभ्यासावी लागते, आणि शहराचा उजेड व पावसाळा पाहता तेच सोयीचे.

सुरुवातीस शामशबल तारकासमूहातील एनजीसी ४४९० ही दीर्घिका (एनजीसी हे एका खगोलसूचीचे नाव) आणि तिची लहान सोबतीण एनजीसी ४४८५ घ्यावी. ‘अलादिन’ या मोफत आकाशनकाशात दोघींच्या केंद्रांतील अंतर मोजल्यास ते साधारण साडेतीन कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) भरते. ही जोडी सुमारे २.४ कोटी प्रकाशवर्षांवर आहे; तेथे एक कला म्हणजे सुमारे ७ हजार प्रकाशवर्षे, म्हणून दोघींत निदान २४ हजार प्रकाशवर्षांचे अंतर आहे. जवळ दिसणे हा मात्र पुरावा नव्हे, कारण एक पुढे आणि दुसरी फार मागे असू शकते. त्यासाठी ‘नेड’ या नोंदसंग्रहातून दोघींचे आपल्यापासून दूर जाण्याचे वेग पाहावेत; ते जवळपास सारखे असतील, तर जोडी खरी असण्याची शक्यता जास्त. येथे त्यांतील फरक सेकंदाला १०० किलोमीटरहूनही कमी आहे. तो ३००च्या वर गेला, तर मी ती जोडी बाजूला ठेवतो.

मग खेचाखेचीने तारानिर्मिती वाढली का, हे चित्रातील रंगांवरून पाहावे. निळा रंग तरुण, तप्त ताऱ्यांचा, तर गुलाबी ठिपके त्यांनी आयनित केलेल्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) हायड्रोजनचे. पण एकाकी बटू दीर्घिकाही बहुधा निळसरच असतात, म्हणून तेवढ्याच वस्तुमानाच्या एकाकी दीर्घिकांशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. अशा तुलनेत जवळच्या जोड्यांतील तारानिर्मितीचा वेग सरासरीने सुमारे दुप्पट आढळला आहे.

खरी गोष्ट वायूत असते, आणि नवशिके नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. उदासीन, म्हणजे आयनित न झालेला, हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ लहरी सोडतो. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण त्या टिपू शकते. हा वायू ताऱ्यांच्या पलीकडे दूरवर पसरलेला आणि बटू दीर्घिकेच्या दुबळ्या गुरुत्वाने सैल धरलेला असल्याने भरतीकारक बलाने, म्हणजे सोबतिणीच्या असमान ओढीने, आधी तोच ओढला जातो. वायूच्या नकाशात पूल किंवा शेपटी दिसते का, ते पाहावे. आपल्या जोडीत असा पूल आहे, आणि तिच्यात सुमारे २० कोटी व ३ कोटी वर्षांपूर्वी तारानिर्मितीला उधाण आल्याच्या खुणाही सापडल्या आहेत.

बाहेर फेकलेला वायू पुष्कळदा परत येतो, म्हणून एकांतातील जोड्या वायुसंपन्न राहतात. मोठ्या दीर्घिकेच्या तप्त वायुवलयातून जाताना मात्र तो ओरबाडला जातो आणि नवे तारे घडायला वायू उरत नाही. आपल्या आकाशगंगेच्या बहुतेक बटू सोबतिणी वायुहीन आहेत, मॅगेलनिक मेघ हे ठळक अपवाद. म्हणून आपल्या वहीत ‘मोठा शेजारी’ असा रकाना ठेवावा आणि तो भरल्याशिवाय तारानिर्मिती मंदावल्याचा दोष जोडीतील सोबतिणीला देऊ नये.