बेअर लेक ते एमराल्ड लेक: चार तळ्यांची एका दिवसाची पायवाट

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये बेअर लेकपासून निघून निंफ लेक आणि ड्रीम लेक यांच्या काठाने एमराल्ड लेकला पोहोचणारी पायवाट एका बाजूने जेमतेम तीन किलोमीटरची आहे. सह्याद्रीत चालण्याची सवय असलेल्याला हा आकडा ऐकून वेगळ्या तयारीची गरजच वाटत नाही. पण येथे कस लागतो तो उंचीचा आणि घड्याळाचा. विमानाने जेथे उतरायचे ते डेन्व्हर शहरच सुमारे 1,609 मीटरवर, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसले आहे. बेअर लेक 2,880 मीटरच्या आसपास आहे आणि एमराल्ड लेक त्याहून आणखी दोनशे मीटर वर. म्हणून उन्हाळ्यात मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना विमानातून उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी येथे आणू नये. दोन-तीन दिवस डेन्व्हरच्या परिसरात आणि शक्य झाल्यास एक रात्र पायथ्याच्या एस्टेस पार्क गावात काढावी, दिवसभर पाणी पीत राहावे आणि मगच चढावे.

पूर्वतयारीतील सर्वांत कटकटीचा भाग म्हणजे प्रवेशाची वेळ मिळवणे. उन्हाळी हंगामात बेअर लेक रस्त्यावर जाण्यासाठी प्रवेशशुल्काव्यतिरिक्त ठरावीक वेळेचे आरक्षण लागते आणि ते सरकारी आरक्षण संकेतस्थळावरून आगाऊ घ्यावे लागते. एकदम बरीच आरक्षणे खुली होतात तेव्हा ती झपाट्याने संपतात. काही मात्र आदल्या संध्याकाळी खुली करण्यासाठी राखून ठेवलेली असतात, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तरी बेत रद्द करण्याची घाई करू नये. तारखा आणि तास दर वर्षी बदलू शकतात. परदेशी पाहुण्यांसाठी 2026 पासून शुल्काचे नियमही वेगळे झाले आहेत, म्हणून निघण्यापूर्वी उद्यानाच्या अधिकृत पानावर ते तपासावेत. आरक्षण असूनही बेअर लेकचा वाहनतळ सकाळीच भरतो. अशा वेळी खालच्या पार्क अँड राइड तळावर गाडी लावून बसने वर यावे.

शक्यतो सूर्योदयाच्या सुमारास चालायला लागावे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग जमून विजांचा कडकडाट होणे ही तेथील नित्याची गोष्ट आहे आणि एमराल्डच्या उघड्या खडकांवर आडोसा मिळत नाही. दुपारी बाराच्या सुमारास परतीला लागलेले असावे. काळे ढग चढताना दिसले तर तळे दोनशे पावलांवर असले तरी मागे फिरावे. पाठपिशवीत प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, वाऱ्या-पावसाचे जाकीट, एक उबदार थर, टोपी, सनस्क्रीन आणि खाऊ असावा. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळल्याशिवाय पिऊ नये. जूनमध्ये सावलीतल्या वळणांवर कडक झालेला बर्फ टिकून असतो. त्यासाठी बुटांना लावायचे लोखंडी दातेरी पट्टे जवळ ठेवावेत.

पहिला टप्पा निंफ लेकचा, अर्ध्या मैलाचा. या लहानशा तळ्याच्या पाण्यावर ऐन उन्हाळ्यात पिवळ्या फुलांची कमळासारखी पाने पसरलेली असतात. तेथून वाट तळ्याला वळसा घालून वर चढते आणि डावीकडे झाडांच्या शेंड्यांवरून 4,346 मीटर उंचीच्या लाँग्स पीकचा सपाट माथा दिसतो. धाप लागत असेल तर थांबायला हीच जागा योग्य आहे. ड्रीम लेक लांबट आणि अरुंद आहे. त्याच्या टोकाला डाव्या हाताला हॅलेट पीकचा कडा आणि उजवीकडे फ्लॅटटॉप पर्वत उभे राहतात. वारा सुटण्यापूर्वी पोहोचल्यास दोन्हींचे प्रतिबिंब पाण्यात स्पष्ट उमटते. माझ्या मते सर्वांत सुंदर तळे हेच आहे, एमराल्ड नव्हे. त्यामुळे ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी येथूनच परतण्यात काहीही गमावलेले नसते. पुढे वाट टिंडाल ओढ्याच्या सोबतीने दगडी पायऱ्यांनी चढते आणि एमराल्डच्या काठावरील शिळांशी संपते.

दम शिल्लक असेल आणि आकाश स्वच्छ असेल, तर परतताना ड्रीम लेकच्या अलीकडून फुटणाऱ्या वाटेने हायाहा तळे गाठता येते. 28 जून 2022 रोजी त्याच्या वरच्या खोऱ्यात मोठी दरड कोसळली आणि दगडांची बारीक भुकटी मिसळून पाणी दुधाळ निळसर हिरवे झाले. शेवटचा थोडा भाग मोठमोठ्या शिळांवरून हात टेकत ओलांडावा लागतो, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर हा फाटा सोडलेला बरा.

खारी आणि चिपमंक हे प्राणी हातातल्या चिवड्याकडे आशेने पाहत अगदी बुटांपाशी येतात. त्यांना खायला घालणे नियमाने बंद आहे. मूस (हरणाच्या कुळातला महाकाय प्राणी) दिसल्यास किमान 36 मीटर अंतर ठेवावे. डोके ठणकू लागले, मळमळले किंवा पाऊल अडखळू लागले, तर औषध घेऊन पुढे रेटण्यापेक्षा ताबडतोब खाली उतरावे. ज्यांना चढायचेच नाही, त्यांच्यासाठी बेअर लेकभोवतीची सव्वा किलोमीटरची फेरी आहे. मात्र दोन गट वेगळे होणार असतील तर भेटीची वेळ आणि जागा आधीच ठरवून घ्यावी, कारण वाटेवर मोबाइलचा भरवसा धरता येत नाही.