ओला टेंट पिशवीत ठेवू नका, प्लीज
जुलैत दापोली-गुहागरकडे कॅम्पिंग करून आलात की कितीही दमलेले असा, टेंट आधी पिशवीतून बाहेर काढा, कारण आपल्या कोकणातल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते नंतर घासूनही नीट जात नाहीत, शिवाय आतलं वॉटरप्रूफ कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं ते वेगळंच. किनाऱ्यावर लावला होता? मग गोड्या पाण्याने धुवा, चेन तर नक्कीच, खारामुळे ती अडकते. डिटर्जंट नको. पडवीत वाशाला दोरी बांधून पसरा, शिवणी आणि कोपरे हाताने चाचपून बघा, ओल तिथंच लपलेली असते. चुलीजवळ अजिबात नको. बुटांत पेपरचे बोळे कोंबा, भिजले की बदला.