फिटिंग डुगडुगतंय? आधी स्क्रू आवळू नका

जुन्या बीच कॅटामरानच्या, म्हणजे दोन अंगांच्या छोट्या शिडाच्या होडीच्या, हलवरचं (होडीच्या पोकळ अंगावरचं) फिटिंग डुगडुगायला लागलं की हात आपोआप पान्याकडे जातो. थांबा. फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बहुतेकदा फोम असतो. भोकातून पाणी मुरून तो पिचपिचीत झाला असेल, तर आवळल्याने वरचा थर दबतो आणि तडकतो.

फिटिंग काढून भोकाभोवती नाण्याने टकटक करा. आवाज बद्द येतो तिथवर फोम खराब आहे. नाशकात हे काम मार्चमध्येच काढावं. पावसाळ्यात ओल हटत नाही, थंडीत इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) धरायला फार वेळ घेतं.

बोल्ट 6 मिमीचा असेल तर भोक 10 मिमीचं करा. वाकवलेला खिळा ड्रिलमध्ये धरून आतला फोम चहूबाजूंनी सेंटीमीटरभर खरवडा आणि पूर्ण वाळू द्या. इथे घाई केली की सगळं फुकट. मागून टेप लावून सिलिका पावडर घातलेलं, श्रीखंडाइतकं दाट इपॉक्सी भरा. पाच मिनिटांत सुकणारं नको, ते ओलीत कमजोर पडतं. दुपारच्या उन्हात मिश्रण डब्यातच तापून घट्ट होतं, म्हणून सकाळी थोडंथोडं कालवा.

दोन दिवसांनी मधोमध 6 मिमीचं भोक. 316 ग्रेडचा स्टेनलेस बोल्ट, आतून रुंद प्लेट, फिटिंगखाली पाणी अडवायला पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन वापरू नका. त्याच्या अंशावर पुढे इपॉक्सी चिकटत नाही. आधी हलकंच आवळा, दुसऱ्या दिवशी बोल्टचं डोकं धरून फक्त नट फिरवा, म्हणजे सीलंट फाटणार नाही.