तुरीचा वांझ रोग: मृगाआधी बांधावरची हिरवी तूर उपटा

मे संपायच्या आत हे एक काम उरका, बाकीची दोन दिवस मागं पडली तरी चालतील. विहिरीच्या कडेला, बांधावर, खळ्याच्या जागी, ठिबकच्या नळीलगत तुरीचं जे हिरवं झाड उभं असेल ते मुळासकट उपटा. नुसतं कापू नका. धसकट राहिलं की वळवाच्या एका सरीनं त्याला फुटवे येतात आणि रोगाला नेमका तोच कोवळा फुटवा हवा असतो. २०२५ सारखा मे महिन्यातच पाऊस झाला तर हा धोका आणखी वाढतो.

वांझ रोग सहज लक्षात येतो तो दिवाळीच्या आसपास. शेजारच्या झाडांना फुलोरा लागतो, पण रोगट झाड बुटकं, झुडपासारखं दाट आणि हिरवंगार राहतं. पानं बारीक, त्यावर फिक्या-गडद हिरव्या रंगाचे चट्टे. फूल नाही, शेंग नाही. पीक जोमात आहे असं समजून शेतकरी निर्धास्त राहतो. लागण मात्र जुलै-ऑगस्टमध्येच झालेली असते. पेरणीपासून पहिल्या ४५ दिवसांत लागलेल्या झाडाचं ९५ ते १०० टक्के उत्पन्न जातं.

या रोगाची नोंद १९३१ मध्ये बिहारमधल्या पुसा इथं झाली, पण त्यामागचा विषाणू हाती लागायला जवळपास सत्तर वर्षं गेली. आता त्याचे दोन प्रकार माहीत आहेत. दोन्ही प्रकार एकाच झाडात सापडतात. ठिकाणाप्रमाणे विषाणूची तीव्रताही बदलते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या विषाणूला पुरून उरलेले अनेक वाण बंगळुरूकडच्या विषाणूपुढे टिकले नाहीत. म्हणून निव्वळ वाणाच्या भरवशावर बसू नका.

या विषाणूला वाहून नेतो असीरिया नावाचा कोळी (माइट). लांबी जेमतेम ०.२ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. शेंड्याच्या कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला भिंगातून पाहावा लागतो. रोगट पानावर १५ मिनिटं रस शोषला की तो विषाणू उचलतो आणि निरोगी झाडावर दीड तासात सोडतो. वारा त्याला दोन किलोमीटरपर्यंत नेतो.

आता यातली कामाची गोष्ट. हा विषाणू बियाण्यातून येत नाही, मातीतून येत नाही, कोळ्याच्या अंड्यातूनही पुढच्या पिढीत जात नाही. नव्या कोळ्याला तो रोगट झाडावरच मिळतो. म्हणजे उन्हाळा काढायला त्याला जिवंत, हिरवी तूर लागते, आणि ती आपणच राखून ठेवतो. पैठण, अंबड, घनसावंगीच्या मोसंबी पट्ट्यात नव्या बागेत आंतरपीक म्हणून तूर घेतात. शेंगा तोडल्यावर झाडं तशीच राहतात आणि ठिबकच्या पाण्यावर मे महिन्यातही हिरवी असतात. जायकवाडीच्या कालव्याखाली तेच. घरच्या शेंगांसाठी ठेवलेली चार झाडं आसपासच्या सगळ्या शिवाराला महागात पडतात.

मोसंबीवरचा कोळी वेगळा, तो तुरीला हा रोग देत नाही. ब्राझीलच्या संत्र्यात कोळ्यावाटे येणारा लेप्रोसिस विषाणू मात्र समजून घेण्यासारखा आहे. तो कोळी बसला तेवढ्या डागापुरताच राहतो, म्हणून तिथं रोगट फांदी छाटून झाड राखता येतं. तुरीचा विषाणू झाडभर फिरतो. शेंडा खुडून झाड सुधारत नाही, ते काढावंच लागतं.

दुकानात ‘व्हायरसचं औषध’ म्हणून बाटली पुढं केली तर परत करा. लागलेलं झाड कशानंही बरं होत नाही. टॉनिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांनी ते फक्त आणखी हिरवं होतं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं उगाच मारू नका, त्यानं कोळ्याला खाणारे मित्रकीटक मरतात. डायकोफॉल या जुन्या कोळीनाशकावर बंदी आहे, जुना साठा कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नका.

वांझ रोगाला तोंड देणारे वाण: बीएसएमआर ७३६ (लाल), बीएसएमआर ८५३ (पांढरी), बीडीएन ७११ (पांढरी, लवकर येणारी), बीडीएन ७१६ (लाल). हे सगळे बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे. ‘मारुती’ मर रोगाला चांगली, पण वांझ रोगाला हमखास बळी पडते. मागच्या वर्षी शिवारात रोग होता तिथं ती पेरू नका.

पेरणीची कामं:
– ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर पेरणी
– बियाणं एकरी ५ ते ६ किलो
– ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी), मग रायझोबियम (जिवाणू खत) यांची बीजप्रक्रिया
– हेक्टरी २५ किलो नत्र, ५० किलो स्फुरद

उगवणीनंतर विसाव्या दिवसापासून पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दर आठवड्याला वावरात फेरी मारा. सुरुवात पश्चिमेच्या कडेनं करा. पावसाळी वारा तिकडून येतो आणि आमच्या अंदाजानं पहिली रोगट झाडं बहुधा त्याच धुऱ्याला दिसतात. असं झाड सकाळी वारा पडलेला असताना उपटा, तिथंच पोत्यात घाला आणि वावराबाहेर नेऊन पुरा. ओढत नेलं किंवा धुऱ्यावर वाळायला टाकलं तर कोळी वाऱ्यावर स्वार होऊन शेजारच्या ओळींवर उतरतात. झाडं काढल्यावरच फवारणी: फेनाझाक्विन १० टक्के १ मिली किंवा पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के ३ ग्रॅम प्रति लिटर, पानांच्या खालून भिजेल अशी, गरज पडली तर १५ दिवसांनी पुन्हा. गंधक भर उन्हात मारू नका. शेजाऱ्याच्या बांधावर हिरवी तूर असेल तर पेरणीआधीच त्याच्याशी बोला, जमलं तर दोघं मिळून उपटा.