नवं छप्पर घालताना जुनी पन्हळ ठेवायची की बदलायची? या चुका टाळा

छप्पर बदलायचं ठरलं की सगळी चर्चा पत्रा कुठला, कौल कुठलं आणि रंग कुठला याभोवती फिरते. पन्हळीचा विषय निघतो तो ठेकेदार दरपत्रक पुढे ठेवतो तेव्हा. मग सल्ला येतो, ‘छप्पर नवं करताय तर पन्हळही नवीच टाका’, नाहीतर ‘चांगली आहे अजून, राहू द्या.’ दोन्ही सल्ले शिडीवर न चढता देता येतात, म्हणून दोन्हींवर लगेच विश्वास ठेवू नका. पन्हळ किती जुनी आहे यापेक्षा ती नव्या छपराच्या कडेखाली नीट बसेल का, याला जास्त महत्त्व आहे.

खालून बघून निकाल देणं

लोखंडी पत्र्याची पन्हळ आतून सडते. तळाशी पाला आणि माती साठते, त्यात ओल धरून राहते आणि जस्ताचा थर हळूहळू संपतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो तोवर आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. म्हणून आधी गाळ काढा, पन्हळ धुऊन वाळू द्या आणि मग आत बघा. पांढरट भुकटी दिसली तर जस्त झिजतंय, पण अजून शिल्लक आहे. तांबडा गंज दिसला तर तिथलं जस्त गेलंय. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा.

एखाद्या सांध्यापाशी गंज असेल, एक-दोन भोकं असतील, तर दुरुस्ती करा. तळाच्या संपूर्ण लांबीवर गंजाची पट्टी पसरली असेल तर ठिगळं लावत बसू नका, कारण एक भोक बुजवेपर्यंत वीतभर पुढे दुसरं पडतं. पीव्हीसीची पन्हळ गंजत नाही, पण उन्हाने ठिसूळ होते. बोट फिरवल्यावर खडूसारखी पूड लागली आणि कड किंचित वाकवताच करकर आवाज आला, तर ती पन्हळ पुन्हा काढून बसवण्याच्या लायकीची राहिलेली नाही.

एक इशारा. जुन्या इमारतींवर सिमेंटच्या राखाडी पन्हळी असतात. त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असे बारीक खनिज तंतू, असण्याची शक्यता धरूनच चाला. त्या फोडू नका, कापू नका, भोकं पाडू नका. त्या काढायचं काम त्यातल्या माहीतगारांकडेच द्या.

पन्हळीच्या मागची फळी न तपासणं

वाशांच्या टोकांवर जी उभी फळी ठोकलेली असते, जिला कामगार फेशिया म्हणतात, तिच्यावर पन्हळीचा सगळा भार असतो. पाणी वर्षानुवर्षं पन्हळीच्या मागून झिरपत असेल तर ही फळी आतून भुसभुशीत होते. अशा लाकडात स्क्रू बसतो, पण धरत नाही. ‘पन्हळ खाली लोंबते’ ही तक्रार पुष्कळदा या फळीची असते, पन्हळीची नसते.

फळी बदलायची असेल तर पन्हळ उतरवावीच लागते. इथे हिशोब बदलतो. लांबलचक पत्र्याची पन्हळ उतरवताना मुडपते आणि एकदा मुडपली की पुन्हा सरळ होत नाही. जुने खिळे निघताना भोकं मोठी होतात. म्हणजे नुसती पाहिली तर दुरुस्त करण्याजोगी वाटणारी पन्हळ, उतरवायचीच वेळ आली की बदललेली बरी. परांची बांधलेली आहे, माणसं वर आहेत, बदलायची हीच वेळ असते.

छपराची कड बदलते, हे लक्षात न घेणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. कौलं काढून पत्रा टाकला, पत्र्याखाली उष्णतारोधक थर घातला किंवा जुन्यावरच नवा थर चढवला, तर छपराची कड वर-खाली आणि पुढे-मागे सरकते. पन्हळ मात्र जुन्या जागी असते. मग पाणी एकतर पन्हळीच्या पुढून उडी मारतं किंवा मागच्या फटीतून भिंतीवर उतरतं. कौलांवरून पाणी थोडं अडखळत येतं. गुळगुळीत पत्र्यावरून ते वेगाने येतं, त्यामुळे अरुंद पन्हळ ओलांडून जाणं त्याला सोपं असतं.

पत्र्याची कड पन्हळीत साधारण ५० मिलिमीटर पुढे यावी, म्हणजे पाणी मधोमध पडेल. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किंचित खाली हवी. कधी तुंबलीच, तर पाणी घराबाहेर सांडेल, भिंतीकडे जाणार नाही. छपराच्या कडेला लावायची पत्र्याची पट्टी पन्हळीच्या मागच्या कडेवरून आत उतरली पाहिजे. ही पट्टी पन्हळीच्या मागे गेली तर पाण्याला फळीवर जायला तुम्ही स्वतःच वाट करून दिलीत.

कामाचा क्रमही पन्हळ धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवर अवलंबून असतो. ब्रॅकेट वाशांवर ठोकायचे असतील तर ते छपराचा थर पडण्याआधी लागतात. फळीवर लागणारे असतील तर कडेची पट्टी बसल्यावर पन्हळ लावता येते. म्हणून ‘छप्पर होऊ दे, पन्हळीचं मागाहून बघू’ हे वाक्य पहिल्या प्रकारात महागात पडतं. मागाहून बघायचं म्हणजे नव्या छपराची कड पुन्हा उचकटायची.

मापाचा विचार न करता ‘होती तेवढीच’ टाकणं

एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी जमतं. ६० चौरस मीटरच्या पाखीवर, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूवर, तासाला १०० मिलिमीटरच्या जोराने पाऊस कोसळला, तर तासाला ६,००० लिटर, म्हणजे मिनिटाला १०० लिटर पाणी पन्हळीत येतं. हे क्षेत्रफळ वरून दिसणाऱ्या सपाट सावलीचं धरायचं. वाऱ्याने तिरपा येणारा पाऊस धरायला पाखीच्या रुंदीत छपराच्या उंचीचा निम्मा भाग मिळवायची पद्धत आहे.

पन्हळ भरून वाहते म्हणून ती लहानच आहे, असं मात्र नाही. खाली उतरणारा पाइप किंवा त्याच्या तोंडाचं भोक हाच अनेकदा अडथळा असतो. पाइप एका टोकाला असेल तर सगळ्या लांबीचं पाणी तिकडेच धावतं. तो मधे आणला, दोन्ही बाजूंनी ढाळ दिला, तर प्रत्येक बाजूला निम्मंच पाणी येतं. दुसऱ्या टोकाला आणखी एक पाइप लावूनही तसंच साधतं. पन्हळ मजबूत असेल तर मला ही दुरुस्ती नवी पन्हळ टाकण्यापेक्षा जास्त शहाणपणाची वाटते.

दोन धातूंची गाठ घालणं

छपराला किंवा दोन पाख्या मिळतात तिथल्या खोबणीला तांब्याचा पत्रा आणि खाली जस्ताचा मुलामा दिलेली किंवा ॲल्युमिनियमची पन्हळ, ही जोडी टाळा. तांब्यावरून वाहून येणारं पाणी खालच्या धातूला खातं, दोन्ही एकमेकांना टेकलेले नसले तरी. स्क्रूही पन्हळीच्या धातूशी जुळणारेच घ्या.

पीव्हीसीच्या बाबतीत धोका वेगळा. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की १० मीटर पीव्हीसी सुमारे २० मिलिमीटर लांबते, ॲल्युमिनियम ७ आणि लोखंड ४ च्या आतच. जुन्या पत्र्याच्या पन्हळीला पीव्हीसीचा तुकडा सीलंटने चिकटवला, तर तो सांधा पहिल्याच उन्हाळ्यात उघडतो.

जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन

ते चिकटत नाही. पत्रा उघडा पडेपर्यंत जुनं खरवडा, पुसा, वाळू द्या, मग लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्यावर वापरू नका, त्यातलं आम्ल पत्रा गंजवतं. डब्यावर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं मागा. भोक मोठं असेल तर नुसतं भरण न भरता आतून त्याच धातूचा तुकडा लावून रिव्हेट मारा किंवा डाख द्या.

ठेवायची पन्हळ कामगारांच्या हवाली सोडणं

पन्हळ ठेवणार असाल तर ती छप्पर काढताना वाचली पाहिजे. पन्हळीला टेकवलेली शिडी आणि तिच्यात पडलेला राडारोडा, एवढ्यावर चांगली पन्हळ दोन दिवसांत पोचा खाते. पन्हळ कोण उतरवणार, कुठे ठेवणार, कोण पुन्हा बसवणार आणि मोडली तर भरून कोण देणार, हे करारात लिहून घ्या. काम संपल्यावर आतले खिळे, पत्र्याचा कीस आणि धूळ काढायला लावा. लोखंडाचा कीस ॲल्युमिनियमवर गंजाचे डाग पाडतो. डांबरी शिंगल टाकले असतील तर पहिल्या काही पावसात त्यांवरची बारीक खडी वाहून येतेच. ती छपराची खराबी नाही, पण पाइपचं तोंड मात्र ती बंद करते.

छप्पर झालं, तरी गळतंय

पाऊस यायची वाट बघू नका. एकाने रबरी नळी घेऊन पाखीच्या वरच्या टोकाला पाणी सोडावं, दुसऱ्याने खाली उभं राहून बघावं. पन्हळीत थेट नळी धरू नका, कारण मग कड कशी वागते ते कळतच नाही.

पाणी पन्हळीच्या पुढून उडत असेल तर पन्हळ वर किंवा पुढे सरकवावी लागेल, नाहीतर रुंद घ्यावी लागेल. मागून भिंतीवर उतरत असेल तर कडेची पट्टी चुकलीय, पन्हळ बदलून फरक पडणार नाही. अर्ध्या तासानंतरही पन्हळीत पाणी साचलेलं असेल तर ढाळ तपासा. १० मीटरला २ ते ५ सेंटिमीटर उतार हवा आणि तो दोरी ताणून, पाणपातळीच्या नळीने मोजावा, डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे. ब्रॅकेट ६० ते ९० सेंटिमीटरवर असतील तर ढाळ टिकतो, त्यापेक्षा लांब असतील तर पन्हळ मधे पोट काढते.

आणि सगळं ठीक असूनही पाणी उलटं वर येत असेल तर खालच्या पाइपची दोन्ही टोकं मोकळी करून बादलीभर पाणी ओता. वरून ओतलेलं पाणी खाली तेवढ्याच जोराने बाहेर पडलं, तर दोष जमिनीखालच्या नळात आहे आणि वर कितीही भारी पन्हळ लावली तरी तो तसाच राहील.