काम होतंय खरं, डिस्पॅच का होत नाही? लहान वर्कशॉपवाल्यांनो, या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत संध्याकाळी शटर ओढताना लहान वर्कशॉपच्या मालकांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "दिवसभर कोण बसलं नाही, खरं माल काय गेला नाही." मीही हे कितीतरी वर्षं म्हटलंय. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात ऑपरेटर असताना, नंतर स्वतःच्या दोन लेथ आणि एका व्हीएमसीपुढे (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनपुढे) उभं राहून.

आपल्याकडची पोरं कामाला वाघ आहेत. येळ्ळूर, कंग्राळी, कडोलीहून सकाळी सायकल-मोटरसायकलवर येतात आणि मशीनला चिकटतात. तरी माल अडतो, कारण वेळ जॉब कापताना जात नाही. एक जॉब उतरून दुसरा चढेपर्यंतच्या मधल्या फटीत तो जातो. पाना शोधण्यात, ड्रॉइंग विचारण्यात, कास्टिंगची वाट बघण्यात, बिघडलेला पीस पुन्हा करण्यात. ही फट कुठं पडते ते सांगतो.

मशीन थांबवून मग तयारीला लागणं

ही सगळ्यात महाग चूक, आणि ती रोज होते. शेवटचा पीस उतरला की मशीन बंद. मग सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा, फिक्स्चर (जॉब घट्ट धरायची चौकट) आणायला रॅककडे जातो. बोल्ट दुसऱ्याच मापाचा निघतो. इन्सर्ट (कापणाऱ्या टूलची बदलायची टोकं) संपलेत म्हणून हेल्परला गाडीवर पिटाळलं जातं. सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे जबडे) त्याच्या मापाला बोअर करायचे राहिलेत हे तेव्हा कळतं. तासभर मशीन गप्प, आणि माणसं मात्र घामाघूम.

जपानच्या शिगेओ शिंगो यांनी याचाच अभ्यास केला होता. १९६९ मध्ये टोयोटात १००० टनाच्या प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. ते आधी दीड तासावर आलं आणि पुढे तीन मिनिटांवर. मशीन नवीन घेतलं नव्हतं. त्यांनी सेटिंगच्या कामांचे दोन ढीग केले: मशीन थांबल्याशिवाय होऊच शकत नाहीत अशी, आणि मशीन चालू असताना उरकता येतात अशी. दुसरा ढीग आधीच उरकून ठेवायचा, एवढंच मूळ सूत्र.

मला हे वाचताना वडगावचं आजोळ आठवलं. तिथं हातमाग होता. आजोबा मागावर बसायच्या आधीच आजी कांड्या भरून टोपलीत रचून ठेवायची. धोट्यातली कांडी संपली की हात टोपलीत, दुसरी कांडी आत, आणि माग पुन्हा सुरू. माग थांबवून कुणी कांडी भरत बसलं असतं तर साडी कधी पुरी झाली असती? शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरात मुरलेली ही शिस्त आपण इंजिनिअरिंगच्या शेडमध्ये येताना बाहेर ठेवून आलो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

करायचं ते असं. प्रत्येक नेहमीच्या जॉबसाठी एक ट्रे करा. त्यात फिक्स्चरचे बोल्ट, त्याच मापाचे पाने, इन्सर्ट, गेज, ड्रॉइंगची प्रत. चालू जॉबचे शेवटचे दहा-पंधरा पीस उरले की हेल्परनं पुढच्या जॉबचा ट्रे मशीनशेजारी आणून ठेवायचा आणि वस्तू मोजून घ्यायच्या. जे कमी आहे ते तेव्हाच कळतं, मशीन चालू असताना. आमच्याकडे एवढ्यानं सेटिंगचा वेळ जवळपास अर्धा झाला. त्याला खर्च आला तो प्लास्टिकच्या ट्रेचा.

आकडा तोंडी सांगणं

आपल्या भागात एका शेडमध्ये मराठी, कन्नड दोन्ही चालतात, त्यामुळे ही चूक जास्तच महाग पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी शाफ्टच्या कीवेची (चावी बसवायच्या खाचेची) खोली सांगताना मी चालता चालता म्हणालो, "पावणेतीन ठेव." ऑपरेटर नवीन, दावणगिरीकडचा. बेळगाव-चिक्कोडीकडच्या कन्नड माणसाला आपलं पावणे-साडे कळतं. त्याला कळलं नाही. त्यानं हेल्परला विचारलं. हेल्पर म्हणाला, "पावणे म्हणजे मुक्कालु." ते बरोबरच होतं. कन्नडमध्ये पाऊणला मुक्कालु म्हणतात. पण कन्नडमध्ये २.७५ म्हणजे 'एरडु मुक्कालु', म्हणजे दोन आणि पाऊण. आपण तीनाला पाव कमी म्हणतो, ते दोनावर पाऊण म्हणतात. त्यानं तीन ऐकलं, मुक्कालु ऐकलं, आणि ३.७५ कापलं. चाळीस शाफ्ट भंगारात गेले. त्या पोराचं काहीच चुकलं नव्हतं. चूक माझी होती, चालता चालता सांगण्याची.

फोनवर तर आणखी अवघड. कॉम्प्रेसर सुरू असताना कन्नडमधले ओंबत्तु, एंबत्तु आणि तोंबत्तु वेगळे ऐकून दाखवा. पहिला नऊ, दुसरा ऐंशी, तिसरा नव्वद. ग्राहक नऊ नग मागतो आणि आपण ऐंशीचं कास्टिंग सांगून बसतो. उलटही होतं. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी येतो आणि साठ मागून. कन्नडचा 'अरवत्तमूरु' साठापासून सुरू होतो. घाईत ऐकणारा ३६ लिहून मोकळा होतो. आता ओडिशा-बिहारची मुलंही आलीत, म्हणजे एका शेडमध्ये चार भाषांची मोजणी.

इथं भाषेचं दुखणं कुणाला नवीन नाही, आणि ज्याला त्याला आपली भाषा प्यारी आहेच. खरं शॉप फ्लोअरवर मापाला भाषा नको, आकडा हवा. आम्ही तीन नियम केले ते आजही पाळतो.

माप सुटं सुटं बोलायचं: "दोन पॉइंट सात पाच". पावणे, साडे, सव्वा चहाच्या वेळेसाठी.

बोललेलं प्रत्येक माप जॉब कार्डावर लिहायचं, आणि ऑपरेटरनं ते आपल्या भाषेत परत वाचून दाखवायचं. परत वाचून दाखवणं म्हणजे संशय घेणं नव्हे, हे पोरांना आधीच समजावून सांगा, नाहीतर ती दुखावतात.

पहिला पीस दुसऱ्यानं तपासल्याशिवाय दुसरा पीस चढवायचा नाही. ज्यानं सेटिंग केलं त्यानं स्वतःच तपासून चालत नाही. त्याच्या डोळ्यांना त्याचंच माप दिसतं. पाच मिनिटं थांबावं लागतं म्हणून लोक हे टाळतात, आणि मग चाळीस शाफ्ट मोजतात.

सगळ्यांना खूश करायला सगळे जॉब उघडणं

तीन ग्राहक, तिघांचं काम प्रत्येकी दोन दिवसांचं. तिघेही फोन करतात. मग आज पहिल्याचं थोडं, उद्या दुसऱ्याचं, परवा तिसऱ्याचं, असं सुरू होतं. तिघांनाही "तुमचं मशीनवर आहे" असं सांगता येतं, म्हणून बरं वाटतं.

आता हिशेब करा. एकेक दिवस फिरवला तर पहिला चौथ्या दिवशी सुटतो, दुसरा पाचव्या, तिसरा सहाव्या. एक पूर्ण करून मगच दुसरा घेतला तर पहिला दुसऱ्या दिवशी, दुसरा चौथ्या, तिसरा सहाव्या. तिसऱ्याला तोच दिवस मिळाला, पण पहिल्याचे दोन दिवस वाचले आणि दुसऱ्याचा एक. त्यात फिरवाफिरवीत सेटिंग सहा वेळा होतं, ओळीनं केलं तर तीन वेळाच, म्हणजे तिसराही आधीच सुटतो. पैसेही लवकर येतात, कारण अर्ध्या जॉबचं बिल होत नाही.

ऑफिसातल्या माणसाचंही असंच होतं. सोफी लेरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट काम सोडून दुसरं हाती घेतलं की मनाचा एक भाग मागच्याच कामात अडकून राहतो. कोटेशन लिहिता लिहिता फोन घेणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. मी सकाळचा पहिला तास कोटेशन आणि प्रोग्रामसाठी ठेवतो. मोबाईल टेबलाच्या खणात. त्या तासात कुणाचाही माल बुडाला असं अजून झालेलं नाही.

चुकीच्या मशीनला पळवणं

एका जॉबला टर्निंगला ६ मिनिटं, ड्रिलिंगला ४ आणि ग्राइंडिंगला १० मिनिटं लागतात. तुम्ही लेथवाल्याच्या मागं लागून टर्निंग ५ मिनिटांवर आणलं. किती पीस जास्त निघाले? एकही नाही. तासाला सहाच निघणार, कारण ग्राइंडर सहाच देतो. ग्राइंडरपुढचा ढीग मात्र वाढला.

अडलेलं मशीन ओळखायला कागद लागत नाही. ज्याच्या पुढ्यात अर्धवट माल साचलाय ते. त्या मशीनला जेवणाच्या सुट्टीत आळीपाळीनं माणूस द्या, त्याचं ड्रेसिंग (चाक घासून नीट करणं) आणि साफसफाई शिफ्ट सुरू व्हायच्या आधी करा, आणि खराब पीस त्याच्यापर्यंत पोचूच देऊ नका. ग्राइंडरचा एक तास गेला तर सगळ्या शेडचा तास गेला. ड्रिलवाला जरा मोकळा दिसला तर दिसू द्या.

कॅलेंडर न बघता तारीख देणं

"शुक्रवारी देतो" असं आपण महिन्याचे सगळे दिवस सारखेच आहेत असं समजून बोलतो. आपल्याकडे ते तसे नसतात. भात कापणीला आलं की अर्धी पोरं सुगीत असतात, आणि ती असणारच. शेत त्यांचं आहे, वर्षाचा तांदूळ त्यावर आहे. गावच्या यात्रा आहेत. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. १ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सव आणि काळ्या दिनाला, शहरात गाडी काढायचा विचारच नको. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की हलग्याजवळ हायवेवर मोर्चे आणि बॅरिकेड. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या एसटी थांबतात आणि महाराष्ट्रातल्या चंदगडहून रोज येणारा कामगार घरीच अडकतो. पावसाळ्यात वीज जाते, आणि हेस्कॉमची (वीज कंपनीची) देखभालीची सूचना पेपरात आलेली असते पण वाचायची राहते.

यातलं बहुतेक आधी ठाऊक असतं. तरीही आठवड्याचे सहाच्या सहा दिवस आपण भरून टाकतो. पाच भरा, एक मोकळा ठेवा. कापणीच्या दिवसांत चारच भरा. सुट्टी कुणाला कधी लागणार हे पंधरा दिवस आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पोरांनाच लिहू द्या. रागवण्याची भीती नसली तर ती खरं लिहितात.

डिस्पॅचच्या कागदांचंही असंच. कोल्हापूर इतकं जवळ आहे की ते दुसरं राज्य आहे हे आपण विसरतो. ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) लागतं. माल पॅक होऊन टेम्पो दारात आणि बिल करणारा जेवायला, हे मी स्वतः पाहिलंय. गाडीचा नंबर केए २३ ऐवजी केए २२ पडला तर टेम्पो वाटेत थांबवला जाऊ शकतो आणि दिवस जाऊ शकतो. बिल आदल्या संध्याकाळी तयार ठेवा, गाडी आली की नंबर प्लेट बघून भरा.

मागं पडलो की ओव्हरटाइम

कधीमधी लागतोच. पण रोज रात्री आठपर्यंत थांबावं लागत असेल तर दुखणं वर सांगितलेल्यांपैकी कुठंतरी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा तासांना दुप्पट मजुरी घातली, ती माणूस थकतो हे ओळखून. थकलेला हात व्हर्निअर चुकीचं वाचतो, आणि कधी जॉब धरून फिरणारा चक सुरू असतानाच पुढं जातो. पीस पुन्हा करता येतो, बोट नाही. मी रात्री नवीन सेटिंग करू देत नाही. फार तर चालू जॉब संपवायचा.

एवढं करूनही फरक पडला नाही तर

प्रत्येक मशीनला दोरीनं एक वही बांधा. मशीन पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की ऑपरेटरनं वेळ आणि कारण लिहायचं, ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. दोन आठवडे नुसतं लिहू द्या, कुणाला काही बोलू नका. मग कारणांची बेरीज करा.

बेरजेत सगळी कारणं "वीज गेली" आणि "कास्टिंग आलं नाही" अशीच निघाली, तर पोरं घाबरून लिहितायत असं समजा आणि आधी ती भीती काढा. आमच्या पहिल्या वहीत असंच होतं. दुसऱ्या वेळी मी सांगितलं की माझी चूक असेल तर तीही लिहा. सगळ्यात जास्त वेळा आलेलं कारण होतं: "मालकांना विचारायचं होतं." ड्रॉइंगमधली शंका, कोणता जॉब आधी, मटेरिअल बदललं तर चालेल का. मी बँकेत, नाहीतर ग्राहकाकडे, आणि मशीन माझ्यासाठी उभं.

तेव्हापासून सकाळी अकरा ते साडेअकरा आणि दुपारी चारला मी फ्लोअरवर असतो, फोन ऑफिसात ठेवून. पुढचे दोन जॉब कोणते हे प्रत्येक मशीनवर खडूनं लिहिलेलं असतं. मटेरिअलबद्दल निर्णय कुणी घ्यायचा हेही ठरलंय. सेटर घेतो, मला नंतर सांगतो. वही अजून बांधलेली आहे. आता तिच्यात वरचा नंबर ग्राइंडरच्या चाकाचा लागतोय, आणि या महिन्यात त्याच्याकडेच बघायचं आहे.