तळ्याकाठी आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) लावायची? आधी चढ बघा

डोंगराळ भागातला तळ्याकाठचा कॅम्पग्राउंड फोटोत सुंदर दिसतो, पण तिथे पोचल्यावर कळतं की जागा उतरती आहे किंवा शेवटचं वळण गाडीला झेपणारं नाही. म्हणून बुकिंगआधी थोडा वेळ नकाशाला द्या.

१. उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडून शेवटचे ८-१० किलोमीटर नीट पाहा. जिथे रस्ता दाटीवाटीच्या रेषा कापत जातो, तिथे चढ खडा. १०० मीटरला १० मीटर चढ म्हणजे १० टक्के. अवजड आरव्हीला तो फार जड जातो. लांबचा का होईना, दुसरा रस्ता असेल तर तोच घ्या.

२. फोन करून विचारा: जागा सपाट आहे का? मागे जोडलेल्या गाडीसकट पूर्ण लांबी मावेल का? गॅसवर चालणारा आरव्हीतला फ्रिज तिरक्या गाडीत नीट गार करत नाही, म्हणून मी तरी दृश्यापेक्षा सपाटपणाला जास्त मान देतो.

३. अगदी पाण्यालगत नको, थोडी वरची जागा मागा. रात्री गार हवा खोलगटात साचते, डासही तिथेच जास्त.

परतताना उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवू नका, ते तापून निकामी होतात. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका.